ऑर्क कुठून आले?

१९१६च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवरून चोवीस वर्षांचा एक इंग्रज सेकंड लेफ्टनंट तापाने फणफणत मायदेशी परतला. खंदकांतल्या उवांमुळे पसरणाऱ्या या ट्रेंच फीव्हरने त्या युद्धात असंख्य सैनिक आडवे केले होते. जे. आर. आर. टोल्किन हा त्यांतलाच एक. आजारपणाच्या रजेत त्याने एका गुप्त नगरीच्या पाडावाची कथा लिहायला घेतली. गॉन्डोलिन ही एल्फ या अमर जमातीची नगरी. तिला जमीनदोस्त करायला शत्रूकडे अफाट फौज हवी, आणि ती फौज आली कुठून हेही सांगायला हवं. टोल्किनने ते काम मोजक्या शब्दांत उरकलं: मेल्को नावाच्या दुष्ट अधिपतीने जमिनीखालची धग आणि चिखल यांतून ऑर्क पैदा केले, आणि त्यांची काळजं दगडाची होती.

पुढची पन्नासेक वर्षं त्या मोजक्या शब्दांनी त्याची पाठ सोडली नाही.

काल्पनिक जमाती रचणारे लेखक त्यांना भाषा देतात, शस्त्रं देतात, जेवणाखाणाच्या रीती देतात. या सगळ्यांत उत्पत्तीची कथा वरवर शोभेची वाटते. देव आले, माती कालवली, पुतळे केले, फुंकर मारली. प्रत्यक्षात तीच सर्वांत जबाबदारीची जागा आहे. ती जमात रणात पडली की वाचकाने हळहळायचं की नाही, याचा निकाल तिथे लागतो. ऑर्कांइतका हा निकाल पुन्हापुन्हा बदललेली दुसरी जमात आधुनिक अद्भुतकथेत नाही.

टोल्किनच्या हाताशी दोन जुने धागे होते. पहिला ‘बेवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्याचा. त्यात राक्षस, एल्फ आणि ‘ऑर्कनेआस’ नावाचे दुष्ट जीव एकाच मुळापासून निघालेले सांगितले आहेत. ते मूळ म्हणजे केन, बायबलमधला पहिला भ्रातृहत्यारा. म्हणजे त्या कवीच्या लेखी हे सगळे माणसाचेच भ्रष्ट भाऊबंद. दुसरा धागा जॉर्ज मॅकडोनल्ड या स्कॉटिश लेखकाच्या १८७२च्या ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ या बालकादंबरीचा. तिथले गॉब्लिन एके काळी उन्हात राहणारे लोक होते. राजाने त्यांच्यावर जाचक कर लादले, किंवा नको ते आचार लादले, अशी आख्यायिका आहे. त्यामुळे ते डोंगराच्या पोटात उतरले आणि पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून बेढब झाले. त्यांचे पाय तेवढे नाजूक राहिले, पायांवर घाव बसला की ते हतबल होतात. टोल्किनने मॅकडोनल्डचं ऋण एका पत्रात मोकळेपणाने मान्य केलं. फक्त ते नाजूक पाय आपल्याला कधी पटले नाहीत, असंही त्याने लिहिलं.

पाय नाकारले ते ठीक, पण त्याबरोबर त्याने राजाचा जाचही नाकारला. मॅकडोनल्डच्या गॉब्लिनांना एक गाऱ्हाणं होतं. टोल्किनच्या ऑर्कांकडे सुरुवातीला ते नव्हतं, चिखलाला कसलं गाऱ्हाणं असणार?

चिखलातून जन्मलेल्या फौजेची सोय अशी की ती कापताना कुणाला अपराधी वाटत नाही. टोल्किन मात्र निष्ठावान कॅथलिक होता. सैतानाला निर्मितीची शक्ती नाही, तो देवाने घडवलेलं फक्त बिघडवू शकतो, ही त्याची श्रद्धा. मग मेल्कोने, म्हणजे पुढच्या लेखनातल्या मॉर्गॉथने, स्वतःहून जिवंत, बोलणारी जमात कशी घडवली? ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५मध्ये प्रसिद्ध झालं, तोवर त्याचं मत बदललेलं होतं. कादंबरीचा नायक फ्रोडो आपल्या सोबत्याला, सॅमला, समजावतो की काळोखाच्या शक्तीला नक्कल करता येते, खरं नवं काही घडवता येत नाही. ऑर्कांना तिने जीव दिला नाही, त्यांची नासाडी केली. नासाडी नेमकी कुणाची केली, हे मात्र तिथे मोघमच राहतं.

आणि मग ऑर्क बोलू लागले की पंचाईत होते. कादंबरीत शाग्रात आणि गोरबाग हे दोन ऑर्क तुकडीप्रमुख पहाऱ्यावर गप्पा मारताना दिसतात. वरिष्ठांबद्दल कुरकुर, आधीच्या लढायांच्या आठवणी. गोरबाग सुचवतो की हे युद्ध आटोपलं की चार भरवशाची पोरं घेऊन सटकू, कुठेतरी लूट चांगली मिळेल अशा जागी स्वतःचं बस्तान मांडू, डोक्यावर कुणी साहेब नको. सोमच्या खंदकांत राहिलेल्या माणसाच्या कानांवर असं बोलणं किती वेळा पडलं असेल याची कल्पना करता येते. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेलेल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, त्याने १९४४मध्ये पत्र लिहिलं. ऑर्क आपल्याला वास्तववादी साहित्यातल्या कुठल्याही पात्राइतकेच खरे वाटतात, फक्त खऱ्या आयुष्यात ते दोन्ही बाजूंना असतात, अशा अर्थाचं त्यात आहे.

वाचकांनीही त्याला सोडलं नाही. ऑक्सफर्डमधल्या एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्याने १९५४मध्येच ऑर्कांच्या निर्मितीवरून धर्मशास्त्रीय शंका विचारली. टोल्किनने लांबलचक उत्तर लिहायला घेतलं आणि ते पाठवलंच नाही. १९६५मध्ये कवी डब्ल्यू. एच. ऑडनने थेट विचारलं: एक अख्खी जमात सुधारणेपलीकडे दुष्ट असणं, हे पाखंड नाही का? आपली कथा रूढ धर्मशास्त्राच्या चौकटीत बसवायला आपण बांधील नाही, असं काहीसं उत्तर त्याला मिळालं. त्या उत्तरात ठामपणा आहे, पण त्याच्या टिपणांत तो नाही. ख्रिस्तोफरने १९९३मध्ये ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडात ती टिपणं छापली. वाचताना एक म्हातारा प्राध्यापक स्वतःशीच वाद घालताना दिसतो. ऑर्क मूळचे एल्फ होते? मग एल्फांसारखे तेही अमर का नाहीत? मूळची माणसं? मग त्याच्याच कालगणनेत माणसं जागी व्हायच्या आधी ऑर्क कसे? की ते मुळात जनावरं, आणि त्यांचं बोलणं पोपटासारखं पढवलेलं? की काही हलक्या दर्जाचे आत्मेच ऑर्कांची देहं धरून बसले? एकेक वाट तो थोडी चालतो आणि मागे फिरतो.

याच टिपणांत एका ठिकाणी त्याने जो नियम लिहून ठेवला, तो या कुळकथेतला सर्वांत मोलाचा भाग आहे. पकडलेल्या ऑर्कांचा छळ करायचा नाही, घरादाराच्या रक्षणासाठी माहिती काढायची असली तरीही नाही. आणि ऑर्क शरण येऊन दया मागेल तर ती द्यायची, त्याची किंमत मोजावी लागली तरी. उत्पत्ती काय ते ठरेना, पण वागायचं कसं ते ठरलं होतं.

१९७३मध्ये टोल्किन वारला. ख्रिस्तोफरने गाय गॅव्हरिएल के या तरुण कॅनडियन साहाय्यकाच्या मदतीने १९७७मध्ये ‘द सिल्मारिलियन’ सिद्ध केलं आणि त्यात एल्फांची कथा घेतली: मॉर्गॉथने आद्य एल्फांपैकी काहींना पळवून, अंधारकोठडीत कोंडून, हळूहळू छळून त्यांचे ऑर्क केले. जाणत्यांचा तसा समज आहे, अशा सावध शब्दांत ते येतं. त्याच जागी हेही येतं की ऑर्कांची वीण एल्फ-माणसांसारखीच होती. म्हणजे ऑर्कांत आया होत्या, तान्ही मुलं होती. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एक आक्षेप इथे टाळता येत नाही. १९५८च्या एका पत्रात टोल्किनने ऑर्कांचं रूप वर्णन करताना चपटी नाकं, पिवळट कातडी, तिरके डोळे असे शब्द वापरले आणि युरोपीय नजरेला सर्वांत कमी सुंदर वाटणाऱ्या मंगोल चेहऱ्यांची ही विद्रूप आवृत्ती आहे, असंही म्हटलं. वंशाच्या जुन्या पूर्वग्रहांचं हे सामान त्याने नकळत पुढच्यांच्या हवाली केलं.

ते सर्वांत आधी हाती घेतलं खेळांनी. १९७४मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. चारपाच जण टेबलाभोवती बसून एकत्र गोष्ट रचतात, फासे टाकून लढतात. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात डुकराच्या तोंडाचे ऑर्क आकड्यांसह नोंदले गेले, आणि दुष्टपणा हा त्यांच्या नोंदीतला एक रकानाच झाला. पण त्यांच्या गुहेत बायका आणि पोरंही असतात, असंही तिथे नमूद होतं. मग टेबलांवर भांडणं सुरू झाली. फौज मारली, आता या पोरांचं काय करायचं? नियमांच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. ऑडनचा प्रश्न असा शाळकरी मुलांच्या तळघरांत पोचला.

१९८२मध्ये रॉजर ई. मूर या लेखकाने ‘ड्रॅगन’ मासिकात वेगळी चाल केली. ऑर्क स्वतःबद्दल काय सांगतात, ते त्याने लिहिलं. ती कथा अशी: आरंभी सगळ्या देवांनी आपापल्या लेकरांसाठी जागा ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. बुटक्यांना डोंगर मिळाले, एल्फांना वनं, इतरांना शेतं आणि टेकड्या. चिठ्ठ्यांत लबाडी होती. ऑर्कांचा देव ग्रूम्श याची पाळी आली तेव्हा काहीच उरलं नव्हतं, आणि बाकीचे देव हसले. ग्रूम्शने भाला उगारला. डोंगर फोडून त्याने गुहा केल्या, वनं आणि शेतं उजाड केली, आणि गर्जून सांगितलं की माझी लेकरं इथे राहतील. ग्रूम्शला एकच डोळा का, यावरही दोन मतं: एल्फ म्हणतात आमच्या देवाने दुसरा फोडला, ऑर्कांचे पुजारी म्हणतात त्याला पहिल्यापासून एकच होता.

अवघ्या एका पानाची ही कथा टोल्किनच्या सगळ्या टिपणांना जमलं नाही ते करते. ऑर्कांची लूटमार, त्यांचं गुहांत राहणं, एल्फांशी असलेलं हाडवैर, सगळं एका हिस्सेवाटणीच्या भांडणातून उगवतं. आणि ती खरी की खोटी, हे कुणी सांगत नाही.

मराठी वाचकाला ही चाल ओळखीची वाटेल. पुराणांत देव आणि दैत्य दोघेही कश्यपाचीच लेकरं, एक अदितीची, दुसरी दितीची. समुद्रमंथनानंतर अमृताच्या वाटपात दैत्यांना फसवलं गेलं, हेही पुराणंच सांगतात. त्याच दैत्यकुळात प्रल्हाद आणि बळी जन्मतात, आणि दिवाळीच्या पाडव्याला मराठी घरांत बळीचं राज्य मागितलं जातं. १८७३च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी या कथा पराभूतांच्या बाजूने उलट वाचल्या आणि हिरण्यकश्यपू-बळींना बाहेरून आलेल्यांशी लढलेले इथले मूळ राजे मानलं. मूरने फुल्यांचं नावही ऐकलेलं असण्याचं कारण नाही. पण उत्पत्तीची कथा सांगतो कोण, यावर सगळं फिरतं, ही जाण दोघांच्या लेखनात आहे, आणि फुल्यांनी तर ती जिवंत माणसांच्या सुटकेसाठी वापरली.

इतरांनी दुसऱ्या वाटा धरल्या. ब्रिटनच्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळात ऑर्क बुरशीसारखे बीजाणूंतून उगवतात. बायका नाहीत, पोरं नाहीत, युद्ध हाच त्यांचा उत्सव. टेबलावरचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही, आणि म्हणूनच ही कल्पना चतुर असली तरी टोल्किनच्या चिखलाकडे परत नेणारी आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरच्या पीटर जॅक्सनच्या २००१च्या चित्रपटात तर दोन्ही शेजारी-शेजारी आहेत: दुष्ट जादूगार सारुमान सांगतो की ऑर्क एके काळी एल्फ होते, आणि त्याच्याच खाणीत उरुक-हाय जातीचे नवे ऑर्क चिखलातून उपसले जातात. ‘वॉरक्राफ्ट’ हा संगणकीय खेळ १९९४मध्ये आला तेव्हा त्यातले ऑर्क निव्वळ आक्रमक होते. २००२च्या तिसऱ्या भागात त्यांना इतिहास मिळाला. ड्रेनॉर नावाच्या जगातली ही टोळ्यांची, शामानांची जमात. फसून दानवाचं रक्त प्यायली आणि रक्तपिपासू झाली. थ्रॉल हा त्यांचा नायक माणसांच्या कैदेत गुलाम म्हणून वाढलेला. शाप आहे, पण तो पत्करणारेही तेच आहेत, त्यामुळे त्यांना लाज वाटू शकते आणि प्रायश्चित्तही घेता येतं.

दरम्यान रशियात किरील येस्कोव्ह या जीवाश्मशास्त्रज्ञाने १९९९मध्ये मॉर्डॉरच्या, म्हणजे टोल्किनच्या कादंबरीतल्या शत्रुराज्याच्या, बाजूने कादंबरी लिहिली. तिच्यात ऑर्क म्हणजे साधी माणसंच, विज्ञानाकडे वळलेल्या देशातली. बदनामी जेत्यांनी केलेली. पुढे रशियाशी लढणाऱ्या युक्रेनी सैनिकांत आणि नागरिकांत शत्रूसाठी ‘ऑर्क’ हाच शब्द रुळला. ज्यांच्या गावांवर क्षेपणास्त्रं पडतात त्यांनी कुठला शब्द वापरावा हे दुरून कुणी शिकवू नये. पण १९४४च्या पत्रातलं ते ‘दोन्ही बाजूंना’ आठवल्याशिवाय राहत नाही.

२०२४मध्ये टोल्किनच्या जगावर बेतलेल्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेत एक ऑर्क पडद्यावर आला: युद्धाला जायला नाखूश, शेजारी बायको, तिच्या कुशीत तान्हं. काही चाहते भडकले, हा टोल्किनचा अपमान आहे म्हणाले. ‘सिल्मारिलियन’मधलं ते वाक्य त्यांच्याच कपाटात होतं.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी २०२०मध्ये जाहीर कबूल केलं होतं की आपल्या खेळातले दुष्ट ऑर्क खऱ्या वंशगटांच्या बदनामीची आठवण करून देतात. २०२४च्या नव्या नियमपुस्तकात ऑर्क ही खेळाडूंनी निवडायची जमात झाली, आणि पुढच्या वर्षीच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधून तिची नोंद निघाली. हे उशिरा झालं तरी बरं झालं. पण त्या नियमपुस्तकातला ग्रूम्श आता एक भटका देव आहे. मैदानं, गुहा, समुद्र पार करायला लेकरांना काटकपणा आणि अंधारात पाहणारी नजर देणारा. चिठ्ठ्या नाहीत, लबाडी नाही, हसणारे देव नाहीत. ऑर्कांना सभ्य करताना त्यांचं गाऱ्हाणंही काढून घेतलं गेलं. मॅकडोनल्डच्या करांनी पिडलेल्या गॉब्लिनांकडे १८७२मध्ये ते होतं, मूरच्या ऑर्कांकडे १९८२मध्ये होतं, आणि नव्या पुस्तकात ते परत यायला हवं.