काशी आणि दख्खन : जाण्याचे व परतीचे अंतर

काशीच्या उत्तर भागात पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट यांच्या परिसरात मराठी वस्ती दीर्घकाळ नांदली. पेशव्यांच्या नावाशी जोडलेला व पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेलेला बालाजी घाट याच पट्ट्यातला. या वस्तीचे दख्खनपासूनचे अंतर कोसांत मोजण्याचा प्रघात आहे. ज्ञानव्यवहाराचा विचार करताना मात्र ते दुव्यांत मोजणे अधिक उद्बोधक ठरते. आणि दुव्यांना दिशा असते.

यादृच्छिक दिशायुक्त जालांचे गणित येथे साहाय्यक होते. प्रत्येक बिंदूपासून सरासरी १० दुवे बाहेर जात असतील, तर १,००० बिंदूंच्या जालात सुमारे ३ टप्पे पुरतात. १,००,००० बिंदू असले तरी सुमारे ५. परंतु जाण्याचे आणि परतीचे अंतर सारखे असेलच असे नाही. सरासरी बहिर्गामी दुवे एकाहून अधिक झाले की परस्परगम्य असा एक मोठा गट संभवतो, हे रिचर्ड कार्प यांनी १९९० मध्ये दाखविले. त्या गटाबाहेरचे कित्येक बिंदू मात्र एकाच दिशेने जोडलेले राहतात.

इतिहासातील जाल अर्थातच यादृच्छिक नव्हते. दख्खनचे धागे मोजक्या घराण्यांकडे ओढले जात, आणि त्यांत पैठणहून काशीस गेलेले भट्ट घराणे अग्रगण्य होते. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) याच घराण्यातला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडी आलेले गागाभट्टही त्यातलेच.

कोकणातील देवरुखे ब्राह्मणांच्या पंक्तिव्यवहाराचा वाद असाच काशीस पोहोचला. १६५७ मध्ये विश्वेश्वर मंदिराच्या मुक्तिमंडपात पंडितसभा भरली, आणि निर्णयपत्र देवरुख्यांच्या बाजूने झाले. प्रश्न वर जाण्यास वाट होती. उत्तरही लेखी निघाले. तथापि ज्या पंक्तीत ते लागू व्हायचे, त्या पंक्तीतील यजमान काशीच्या पत्राने बांधले गेले नाहीत. देवरुख्यांशी इतर ब्राह्मणांचा अन्नव्यवहार एकोणिसाव्या शतकातही निर्वेध नव्हता. काशीच्या पंडितांचे ‘वर्चस्व’ गृहीत धरणाऱ्या लेखनात ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

ज्या मंदिरात ती सभा भरली, ते १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले. व्यवस्थापत्रे मागविणे त्यानंतरही थांबले नाही.