लंडनहून मराठीत...

माझे आजोबा तुळजापूर तालुक्यातले. संध्याकाळी ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवून शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी लावायचे. खरखर वाढली की एरियलला तांब्याची तार गुंडाळायची ड्युटी माझी. बाबा सांगतात, 1993 च्या भूकंपानंतरही आजोबांचं एकच, "बीबीसी काय म्हणतंय बघू." हादरलेलं आपलं उमरगा, खबर मात्र लंडनची!

तर मंडळी, लंडनला आपल्या भाषेत बोलायची गरज का पडली? उत्तर 1942 मध्ये आहे. सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ जर्मनीतून मराठीतही बोलू लागला होता. मग लंडन गप्प कसं बसणार? मार्च 1942 मध्ये बीबीसी मराठी सुरू झालं. आणि त्यासाठी वार्तापत्रं लिहायचा कोण, तर चक्क जॉर्ज ऑर्वेल! तो इंग्रजीत लिहायचा, त्याचं भाषांतर मराठीत वाचलं जायचं. वाचणाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. वाचणारा मजकुराबाहेर गेला तर आवाज तोडायला सेन्सॉर बटणापाशी बसलेला. आमच्या फील्डमध्ये याला किल स्विच म्हणतात :)

खरी गंमत पुढे आहे. बातम्या मराठीत, पण 'संस्कृती' इंग्रजीतच. ऑर्वेलने हिंदुस्थानसाठी 'व्हॉइस' नावाचं कवितांचं रेडिओ-मासिक काढलं. पुढच्या एका अंकात खुद्द टी. एस. एलियट आला. पण पहिला अंक कधी वाजला? 11 ऑगस्ट 1942. दोनच दिवसांपूर्वी मुंबईत गांधीजींना पकडलेलं! इथे लोक तुरुंगात जातायत आणि तिकडून कविता. ऐकणार कोण? ऑर्वेललाही ते कळत होतं. सप्टेंबर 1943 च्या राजीनाम्यात त्याने सरळ लिहिलं, की यात माझा वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातोय.

मराठी सेवा 1958 मध्ये बंद पडली, ती 2017 मध्ये परत आली, इंटरनेटवर.

मला मात्र ऑर्वेलचं गणित थोडं चुकलं असं वाटतं. आजोबांनी एलियटचं नावही ऐकलं नव्हतं. पण गावात वाद झाला की "बीबीसीवर सांगितलं" म्हटलं की विषय संपायचा. सरकारी पैशावर चालणारं रेडिओ स्टेशन स्वतःच्या सरकारविरुद्धची बातमीही देऊ शकतं, याचं त्यांना भारी अप्रूप. इंग्रजांची एवढीच संस्कृती आमच्या ओसरीपर्यंत पोचली, आणि तीही हिंदीतून.

31 जानेवारी 2020 ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह बंद झालं. मी फोनवर ॲप टाकून दिलं. आजोबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "ह्याला खरखर का नाही रे?"