पागोळी आणि पन्हळ

आढ्याचें पाणी शेवटीं वळचणीलाच जावयाचें, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. परंतु वळचणीला आलेलें पाणी पुढें कोठें जातें, याचा विचार ती म्हण करीत नाहीं. घरबांधणीच्या इतिहासांत मात्र हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचीं उत्तरें दोन : पाणी पागोळ्यांनीं गळूं द्यावें, किंवा पन्हळींत धरून न्यावें.

पहिलें उत्तर कोंकणांतील जुन्या घरांनीं दिलें. भिंती मातीच्या, म्हणून छपराच्या कडा भिंतीपासून बऱ्याच पुढें काढीत. पागोळ्या भिंतीपासून दूर, एका ओळींत पडत आणि पाण्याचा मारा घराच्या सर्व लांबीवर वांटला जाई. अडचण येई ती घराला घर लागूं लागलें म्हणजे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत शेजारच्या घरांमध्यें किती जागा सोडावी हें तर सांगितलें आहेच; शिवाय दोन छपरांच्या कडांत चार अंगुळांचें अंतर राखावें, नाहीं तर एक कड दुसरीवर चढवावी, असाहि नियम आहे. छपराच्या कडेपायीं शेजाऱ्यांत तंटे होतात, हें तेव्हांच्या शास्त्रकारांस पुरतें ठाऊक होतें.

रोमन कायदा याहूनहि बारकाईनें पाहतो. इ. स. ५३३ मध्यें सम्राट जस्टिनियननें प्रसिद्ध केलेल्या कायद्याच्या ग्रंथांत शेजाऱ्याच्या जागेंत पागोळ्या पाडण्याचा हक्क आणि तेथें पन्हळीची धार सोडण्याचा हक्क, हे दोन निरनिराळ्या शब्दांनीं सांगितले आहेत. हा केवळ शब्दच्छल नव्हे. विखरून पडणारें पाणी जमीन मुरवून घेते. एकवटलेली धार तीच जमीन खणून काढते.

ही धार सुखरूप खालीं उतरविण्याची युक्ति इंग्लंडमधील एका राजाज्ञेंत नमूद आहे. इ. स. १२४० मध्यें तिसऱ्या हेन्रीनें लंडनच्या किल्ल्यांतील मोठ्या बुरुजास सफेती देवविली, आणि छपरावरून ठिबकणाऱ्या पाण्यानें ती बिघडूं नये म्हणून शिशाच्या पन्हळी थेट जमिनीपर्यंत उतरविण्याचा हुकूम सोडला. तो बुरूज आजहि ‘व्हाइट टॉवर’ याच नांवानें ओळखला जातो.

आपल्या किनाऱ्यावर पोफळीचें खोड पोखरून केलेली पन्हळ जुनीच. इ. स. १८६५ मध्यें बासेल मिशननें मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तीं चपटीं, एकमेकांत बसणारीं कौलें पुढें कोंकणभर पसरलीं. मागाहून जस्ती पत्र्याची पन्हळहि घरोघर आली, आणि अंगणांतील चिखल नाहींसा झाला.

परंतु येथेंच एक गोष्ट आपण विसरलों. पागोळ्यांना राखण लागत नाहीं, पन्हळीला लागते. आमच्या जुन्या घराची माजघरामागील भिंत एका श्रावणांत खचली. पाऊस नेहमींचाच होता. पन्हळीच्या तोंडाशीं मात्र फणसाचीं पानें आणि कौलांचे तुकडे दडपून बसले होते. साऱ्या छपराचें पाणी त्या एकाच ठिकाणीं उलटून भिंतींत मुरत राहिलें. पन्हळ मुळींच नसती, तर ती भिंत कदाचित् वांचली असती.

म्हणून मृग लागण्यापूर्वीं घर शाकारतांना पन्हळीकडेहि पाहावें. पानें व शेवाळ हातानें काढावें, सांधे तपासावे, वरच्या टोंकास घागरभर पाणी ओतून तें तोंडाकडे न थांबतां वाहतें कीं नाहीं हें बघावें. मधेंच तुंबून राहिलें, तर तेथील आधार खचला असें समजावें. धार पायथ्याशीं न पडतां दूर जाईल, आणि शेजाऱ्याच्या कुडावर जाणार नाहीं, अशी वाट करून द्यावी. झाडाखालच्या घरानें हेंच काम पावसाळ्याच्या मध्यांतहि एकदां करावें.

पाणी एके ठिकाणीं गोळा करणें ही मनुष्याची हुषारी खरी. परंतु जो तें गोळा करतो, त्यानेंच त्याची वाट मोकळी ठेविली पाहिजे. पन्हळीचा सारा इतिहास हेंच सांगतो.