अंधाराची वाटणी

लोडशेडिंग आठवतंय ना मंडळी? दाभोळचा एन्रॉन प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, विजेची मागणी मात्र वाढतच गेली. २००५ मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी तुटवडा होताच. मग तो वाटायचा कसा? गळती आणि बिलवसुली बघून गट पाडले गेले. जिथे गळती जास्त, तिथे अंधार जास्त.

२००६ मध्ये पुण्याने वेगळी वाट काढली. कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, तेवढी वाचलेली वीज शहराला, आणि जादा खर्च ग्राहकांच्या बिलात. मी तेव्हा पुण्यात कोडिंग करत होतो, एसीत बसून. शिरपूर जैनला फोन केला की आई म्हणायची, "लाइन गेली ना बाप्पा!" गंमत बघा, शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला वीज तयार होते!

कागदावर नियम चोख होता. पण हिशेब घराचा नव्हता, अख्ख्या भागाचा होता. आकडा टाकणाऱ्या शेजाऱ्यासोबत वेळेवर बिल भरणारी आईसुद्धा कंदील पुसत बसायची. पुणेकरांना पैसे मोजून सुटका तरी विकत घेता आली. तिला कुणी विचारलंच नाही.