पाहुणा, बोरघाट आणि राणीची बाग

१/६
मुंबईत पाहुणा आला की त्याला ‘राणीची बाग’ दाखवायची, हा अनेक मराठी घरांचा जुना रिवाज. त्यामागे एका घाटाचा आणि एका बागेचा इतिहास आहे.

२/६
रेल्वेपूर्वी पुण्याहून मुंबईस यायचे म्हणजे बोरघाट उतरून पनवेल गाठायचे आणि तेथून मचव्याने मुंबई बंदर. केवळ शहर पाहण्यासाठी एवढे सायास थोड्यांनाच परवडत.

३/६
१८५८ मध्ये पुणे–खंडाळा गाडी सुरू झाली. तरी खंडाळा ते खोपोली हा घाट पालखीने, तट्टावरून किंवा पायीच उतरावा लागे. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि सकाळी पुण्यातून निघालेला पाहुणा त्याच दिवशी मुंबईत पोहोचू लागला.

४/६
त्याच वर्षी गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मुंबई न पाहिलेल्या मराठी वाचकासमोर त्याच्याच भाषेत ते शहर उभे राहिले.

५/६
भायखळ्याची बाग १८६२ मध्ये खुली झाली होती. शेजारच्या संग्रहालयासाठी जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मोठी खटपट केली. ते १८७२ मध्ये खुले झाले; शंकरशेट मात्र १८६५ मध्येच निवर्तले होते.

६/६
पुढे गिरणगावातील चाळींत एकेका खोलीत अख्खे बिऱ्हाड राहू लागले. तेथे पाहुण्यास प्रेमाने जेवू घालता येई, ऐसपैस बसवता येत नसे. दिवाणखाना नसलेल्या यजमानाची ती उणीव सार्वजनिक बागेने भरून काढली. शहरातील मोकळ्या जागांचे मोल ठरवताना हा पाहुणचारही हिशेबात धरावा लागतो.