नाथांचा हिंदू-तुर्क संवाद

शांतिब्रह्म एकनाथ महाराजांचे नाव निघाले की कीर्तनात एक कथा हमखास येते. गोदावरीचे स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक यवन थुंकला. नाथ पुन्हा स्नानाला गेले. असे एकशे आठ वेळा झाले, तरी महाराजांच्या मुखातून वावगा शब्द निघाला नाही आणि अखेर तोच त्यांच्या पाया पडला. ही कथा सांगितलीच पाहिजे. परंतु नाथांची शांती एवढ्यावर संपत नाही. थुंकणाऱ्याला क्षमा करणे हे एकट्या संताचे सामर्थ्य झाले. दोन समाज शेजारी नांदायचे, तर एकाच्या क्षमेवर भागत नाही. दोघांनाही बोलावे लागते. ते बोलणे कसे असते, हेही नाथांनी लिहून ठेवले आहे. ती रचना म्हणजे त्यांचे ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड.

आधी काळ लक्षात घेऊ. नाथांचे पैठण सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीत होते. त्यांचे सद्गुरू जनार्दनस्वामी देवगडावर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, याच राज्यात अधिकारी होते. स्वामींच्या दत्तोपासनेसाठी दर गुरुवारी गडावरील कामकाज बंद असे, असे परंपरा सांगते. बाल एकनाथांचे शिक्षण याच गडावर झाले. त्यामुळे मुसलमान हा त्यांच्यासाठी ऐकीव माणूस नव्हता. तो दरबारात होता, बाजारात होता, शेजारी होता. काळ मात्र सौम्य नव्हता. दक्षिणेतील सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पाडाव केला तो १५६५ साली, नाथांच्या हयातीत. सत्ता कोणाची आणि भय कोणाला, हे पैठणच्या घाटावर सर्वांना कळत होते.

अशा काळात नाथांनी हे भारूड रचले. त्यातील तुर्क दख्खनी वळणाची हिंदी बोलतो, हिंदू मराठी बोलतो. प्रारंभीच दोघे एकमेकांवर तुटून पडतात. तुर्क मूर्तिपूजेची थट्टा करतो, पुराणांतील देवांच्या कथांवर बोट ठेवतो. तुमच्या पंगतीत एकाच्या पानातील शीत दुसऱ्याच्या पानात पडले तर गळा धरता, असे हिणवतो. हिंदूही मागे राहत नाही. देव सर्व दिशांना असताना पश्चिमेकडेच तोंड का, मुक्या जिवाला मारून पुण्य कसे लाभते, असे तो विचारतो.

येथे क्षणभर थांबावे. आपल्या देवांची थट्टा करणारे शब्द कोणी लिहिले? ज्यांनी १५७३ साली काशीत भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण केली आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्याच नाथांनी. विठ्ठलाच्या या भक्ताने विरोधकाचे म्हणणे त्याच्या पूर्ण धारेसह मांडले; बोथट करून, सोयीचे करून मांडले नाही. आपला आक्षेप कोणी खरोखर ऐकला, एवढे जरी माणसाला जाणवले तरी त्याचा अर्धा राग उतरतो. शिवाय तुर्काच्या तोंडून आलेला पंगतीचा टोमणा खोटा नव्हता. सोवळ्याच्या अतिरेकावर नाथांनी स्वतःही कठोर शब्द वापरले आहेत. प्रतिपक्षाच्या मुखातून आपले वैगुण्य ऐकण्याची तयारी या रचनेत आहे.

वाद पुढे जातो तसा तो खोल होत जातो. ज्ञानाच्या दृष्टीने देव एकच आहे, त्याला जात नाही, यावर दोघे येतात. तुर्क हिंदूचे म्हणणे मान्य करतो. दोघे एकमेकांना नमस्कार करतात, आलिंगन देतात आणि शांत होतात. तुर्क तुर्कच राहतो, हिंदू हिंदूच राहतो. कोणी हरत नाही. या भारुडातले आलिंगन वादाच्या शेवटी येते, हे महत्त्वाचे आहे. मनातले मनात ठेवून आधीच गळाभेट घेतली असती, तर ती उंबऱ्यापर्यंतही टिकली नसती.

हे केवळ काव्य आहे, व्यवहारात असे घडत नाही, असे कोणी म्हणेल. त्यासाठी आपल्याच राज्यातील भिवंडी पाहावी. यंत्रमागांच्या या गावात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत मोठा दंगा पेटला. १९८४ साली पुन्हा रक्त सांडले. त्यानंतर १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी गावभर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. सणापूर्वी पुढाऱ्यांना बोलावून चहा पाजणाऱ्या शांतता समित्यांची रीत त्यांनी बाजूला ठेवली. त्या त्या वस्तीतील साधी हिंदू-मुसलमान माणसे आणि त्यांच्याबरोबर पोलीस शिपाई नियमाने बसू लागले. गल्लीतील लहानसहान तंटे, तक्रारी, संशय तेथे मोकळेपणाने बोलले जाऊ लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार तेथे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. पूर्वी दोनदा पेटलेली भिवंडी मात्र त्या वेळी शांत राहिली. अफवा तेथेही पोहोचल्याच असतील. पण ती खरी की खोटी हे ज्याला विचारायचे, तो माणूस आता ओळखीचा होता.

वाचकहो, आपल्या संप्रदायाला हा मार्ग परका नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज आपल्या संतमालिकेत आहेत. देहूहून निघणारी तुकोबारायांची पालखी आजही अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तेथे आरती होते. ही आरती चुकली नाही, चुकू नये. प्रश्न एवढाच, की आरतीनंतर आपण तेथे बसतो का? आपल्या गावात, आपल्या आळीत, ज्याच्याविषयी मनात किंतु आहे त्याच्याशी वर्षाकाठी एकदा तरी समोरासमोर बोलतो का? त्याचा आक्षेप मध्येच न तोडता ऐकतो का?

येत्या नाथषष्ठीला हे भारूड गावात सादर करावे. तुर्काचे सोंग घेणाऱ्याने त्याचे म्हणणे पूर्ण जोराने म्हणावे, हिंदूचे सोंग घेणाऱ्यानेही तसेच. ऐकायला दोन्हीकडची माणसे बोलवावीत. नाथांनी दोघांनाही एकाच फडावर उभे केले आहे. फड मोकळा ठेवणे एवढे काम आपले.

रामकृष्ण हरि.