मुंबईंत बांधलेली आफ्रिकेची शिदोरी

माझा पुतण्या यंदा सहकुटुंब आफ्रिकेंत मसाई मारा येथील सिंह पाहण्यास जावयाचा आहे. दादरच्या एका प्रवासी कचेरींतून त्यानें सामानाची छापील यादी आणली. पीतज्वराची लस, दुर्बीण, उन्हाची टोपी. आणि शेवटीं एक सूचना, कीं निळे अथवा काळे कपडे घेऊं नयेत, कारण त्से-त्से नांवाची चावरी माशी त्या रंगांकडे ओढली जाते. या माशीचें नांव वाचतांच मला दुसऱ्या एका यादीची आठवण झाली. तीहि आफ्रिकेच्या रानांत जाण्यासाठींच, व तीहि मुंबईंतच तयार झालेली. मात्र ती १८६५ सालची.

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेंतील, पण त्याचें मूळ अरबी. आपली मराठी 'सफर' त्याच घरची. तेव्हां शब्द आपणांस परका नाहीं. ती सफर तर मुळींच परकी नव्हती.

१८६४ च्या जून महिन्यांत, पाऊस तोंडावर आला असतां, 'लेडी न्यासा' नांवाची एक लहानशी आगबोट झांजिबारहून अडीच हजार मैलांचा समुद्र ओलांडून मुंबई बंदरांत शिरली. तिच्यावर नाखवा म्हणून होते डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन. बोट विकावयाची म्हणून ते इकडे आले होते. कोळसा अवघा चौदा टन. खलाशांपैकीं सात जण झांबेझी नदीकांठचे, ज्यांनीं त्यापूर्वीं समुद्राचें तोंड पाहिलें नव्हतें. वाटेंत पंचेचाळीस दिवस लागले. बोटीवर चुमा आणि वेकतानी असे दोन पोरगेहि होते. १८६१ सालीं गुलामांच्या तांड्यांतून सोडविलेले. लिव्हिंग्स्टन विलायतेस निघून गेले तेव्हां हे दोघे मुंबईंत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेंत राहिले. याच विल्सनसाहेबांनीं १८३२ सालीं गिरगांवांत आंब्रोली येथें जी शाळा काढली, तिचेंच पुढें विल्सन कॉलेज झालें. बोटीवरील सुसी नांवाचा गडी आपल्या गोदींत मजुरी करूं लागला.

दुसऱ्या वर्षीं, सप्टेंबर १८६५ मध्यें, लिव्हिंग्स्टन परत आले ते नाईल नदीच्या उगमाचा शोध लावण्याचा बेत घेऊन. मुंबईचे दिवस तेव्हां मोठे वाईट. अमेरिकेंतील युद्धामुळें कापसाला सोन्याचें मोल आलें होतें. तें युद्ध संपतांच शेअरबाजार कोसळला होता. बोटीचे तेवीसशें पौंड आले, ते डॉक्टरांनीं एका पेढींत गुंतविले, आणि ती पेढीहि पुढें बुडाली. असा अनुभव त्या काळीं मुंबईंत घरोघरीं आला होता.

गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचा मात्र डॉक्टरांना मोठा आधार मिळाला. यादी होऊं लागली. मुंबईच्या मरीन पलटणींतील हवालदारासह तेरा शिपाई. नाशिकजवळच्या शरणपूरचे नऊ तरुण. अरबी समुद्रांत गुलामांचीं गलबतें पकडलीं जात, त्यांतून सुटलेलीं आफ्रिकी मुलें तेथें मिशनच्या आश्रयास ठेवून त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. शिवाय चुमा, वेकतानी आणि सुसी. जनावरांची निवड मोठ्या विचारानें केलेली होती. त्से-त्सेच्या दंशानें घोडा-बैल मरतो, पण आफ्रिकेंतील रानरेडा मरत नाहीं. मग आपल्या पाळीव म्हशीहि कां टिकूं नयेत, असा डॉक्टरांचा तर्क होता. १८६६ च्या जानेवारींत 'थूल' नांवाच्या बोटीनें मंडळी मुंबईहून निघाली व तेवीस दिवसांनीं झांजिबारला पोंचली. मार्चमध्यें रोवूमा नदीच्या बाजूस आफ्रिकेच्या भूमीवर उतरतांना तांड्यांत सहा उंट, तीन म्हशी, एक पारडूं, दोन खेंचरें व चार गाढवें होतीं.

हा सारा बेत कांहीं महिन्यांतच विसकटला. उंट मेले, म्हशी मेल्या. माशीनें मारिलें कीं शिपायांच्या मारानें व टोंचणीनें, याचा निर्णय डॉक्टरांना अखेरपर्यंत करतां आला नाहीं. (माशी रोगाचे जंतु वाहून नेते, हें डेव्हिड ब्रूस यानें १८९५ च्या सुमारास सिद्ध केलें.) शिपायांना जुलैंत परत पाठवावें लागलें. वाटेंत घेतलेले जोहाना बेटावरील लोक पळाले आणि झांजिबारांत जाऊन 'साहेब मेला' अशी खोटी बातमी त्यांनीं उठविली. ज्यांच्यावर भरंवसा ठेवून आंखणी केली, ते सारे असे गळाले.

मी तीस वर्षें प्राथमिक शाळेंत लिव्हिंग्स्टनचा धडा शिकविला. 'त्याच्या एकनिष्ठ नोकरांनीं त्याचें शव किनाऱ्यावर पोंचविलें' एवढें वाक्य सांगून मी पान उलटीत असें. त्या नोकरांपैकीं कित्येक मुंबईस व नाशकास राहून गेलेले, हें मलाच ठाऊक नव्हतें. नाहीं तर एक तास तरी त्यांना दिला असता.

१ मे १८७३ रोजीं, आजच्या झांबियांत, चितांबो नांवाच्या मुखियाच्या गांवीं डॉक्टर वारले. ती जागा कासांका राष्ट्रीय उद्यानापासून फारशी दूर नाहीं. चुमा व सुसी यांनीं प्रेत तेथेंच न पुरतां परत नेण्याचें ठरविलें. हृदय झाडाखालीं पुरलें. १८७२ सालीं मदतीस आलेल्या टोळींत शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट होता; त्यानें प्रार्थना वाचली व झाडावर मजकूर कोरला. मग उन्हांत सुकविलेला देह कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळून हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत मंडळी १८७४ च्या फेब्रुवारींत बागामोयोच्या किनाऱ्यास लागली. १८ एप्रिल रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफन झालें तेव्हां शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबहि होता. चुमा व सुसी विलायतेस पोंचले ते दफनानंतर.

चुमाची पुढची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. १८७९ सालीं कीथ जॉन्स्टन व जोसेफ थॉमसन यांची स्वारी सरोवरांकडे निघाली, तेव्हां हमालांच्या तांड्याचा नायक चुमा होता. जॉन्स्टन वाटेंतच वारले. थॉमसन अवघा एकवीस वर्षांचा. चुमानें तांडा फुटूं न देतां न्यासा व टांगानिका हीं दोन्ही सरोवरें गांठून दिलीं. १८८२ सालीं तो झांजिबारांत वारला.

पुतण्यास मी हें सर्व सांगितलें. आपल्या यादीच्या पाठीमागें त्यानें 'चुमा' एवढें नांव टिपून घेतलें, आणि निळा सदरा पेटींतून काढून ठेवला.